सरपणाची गस्त

आमच्या बटालियनला आफ्रिकेची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो, सिग्नल प्लॅटूनमध्ये. काम रेडिओचं. देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथं माझा एक माणूस अजून राहतो, आणि हल्ली कोण कुठं काय वाचेल याचा भरवसा नाही. एवढं समजा, की तिथं टोळ्यांचं आपसातलं युद्ध चालू होतं आणि ते आटोक्यात राहावं म्हणून बऱ्याच देशांच्या फौजा निळी टोपी घालून बसल्या होत्या. त्यातली एक कंपनी आमची.

आता फौज सोडल्यावर आमच्या लिंबायत वस्तीत मला सगळे फौजी म्हणतात. जवळच्या पर्वत पाटिया भागात एका कापड मार्केटमध्ये मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. व्यापारी चहा पाजतात आणि म्हणतात, फौजी, एखादा किस्सा होऊन जाऊ दे. किस्सा त्यांना बॉर्डरचा हवा असतो. आफ्रिका म्हटलं की तोंडं वाकडी होतात. "पण आपलं तिथं काय काम होतं?" असं विचारतात. आता काय सांगू यांना? सांगायला बसलो तर मार्केट बंद व्हायची वेळ होते.

त्या सगळ्या मिशनचा मोठा खर्च एक मोठा देश उचलायचा. त्याचे सैनिक थोडेच होते, पण पैसा त्याचा, हेलिकॉप्टरं त्याच्या पैशावर चालणारी, विमानतळावरच्या हॉस्पिटलातलं सामान त्याचं. आम्ही त्या देशाला शेठ म्हणायचो. हे नाव मीच पाडलं. माझ्या वडिलांनी लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आयुष्य काढलं. शेठचं मन खूश असलं तर दिवाळीला मिठाई, आणि मन फिरलं तर सकाळी पाळीवर आलेल्या माणसाला गेटला कुलूप दिसायचं. आदल्या दिवशी कोणी सांगायचंसुद्धा नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे मला नाव लगेच सुचलं.

आमचा बेस जंगलाच्या कडेला होता. चारही बाजूंना वाळूच्या गोण्या, मधे तंबू, एका कोपऱ्यात मंदिर, आणि मागच्या मोकळ्या जागेत चुन्यानं आखलेलं मोठं वर्तुळ. तिथं हेलिकॉप्टर उतरायचं. रेशन, टपाल, रजेवर जाणारी माणसं, आजारी माणसं, सगळं तिथूनच. रस्ता होता, पण मधे एक नदी होती आणि तिच्यावर पूल नव्हता.

बेसला लागून घरदार सोडून आलेल्या लोकांची छावणी होती. हजारो माणसं. मिशनकडून त्यांना मका मिळायचा, पण मका शिजवायला सरपण लागतं आणि सरपण जंगलात. जंगलात बंदूकवाले बसलेले. पुरुष गेले तर मारायचे, बायका गेल्या तर काय करायचे ते मी इथं लिहीत नाही. म्हणून सोमवारी आणि गुरुवारी आमची एक तुकडी बायकांबरोबर जायची. पुढे चार जवान, मागे चार, मधे शंभर-दीडशे बायका कोयते घेऊन. आर्मीच्या भाषेत त्याचं नाव मोठं होतं. आम्ही सरपणाची गस्त म्हणायचो.

त्या गस्तीचा कमांडर बहुतेक वेळा नायक भटू निकम असायचा. साक्री तालुक्यातला. त्याची सासुरवाडी लिंबायतची, माझ्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून आमचं जास्त जमायचं. दोघंच असलो की आम्ही अहिराणीत बोलायचो. भटू म्हणजे एक नंबरचा टवाळ. सुभेदार साहेबांची चाल काढून दाखवायचा. पण गस्तीवर निघाला की त्याचं तोंड बंद. एकदा मी त्याला म्हटलं, अरे लेका, बंदूक चालवायला आलास आणि लाकूडफाट्याची राखण करतोयस. तो म्हणाला, "मनी माय बी असंच डोक्यावर सरपण आणे. तिना मांगे कोणी बंदूक लिसन नही चाले." त्याच्या आईमागे कोणी बंदूक घेऊन चाललं नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. मग मी पुन्हा चेष्टा केली नाही.

बायकांशी बोलायला इमानुएल नावाचा दुभाषी होता. आमच्या पोरांनी त्याचा मनू केला. त्याला हिंदी येऊ लागली होती, आणि भटूच्या कृपेनं चार अहिराणी शिव्याही येत होत्या. त्या तो फार प्रेमानं द्यायचा.

मग शेठच्या देशात निवडणूक झाली आणि नवा माणूस गादीवर आला. आपला पैसा आपल्या घरी, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे, पैसा त्याचा. पण माणसं वाऱ्यावर सोडायची एक पद्धत असते की नाही? आधी हॉस्पिटलातले दोन सर्जन परत गेले. मग टेहळणीची ड्रोन गेली. आम्हाला सांगितलं, काळजी करू नका, हेलिकॉप्टरं आहेत. मेजर साहेबांनी सेक्टर हेडक्वार्टरला दोनदा विचारून घेतलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, कव्हर आहे, गस्त चालू ठेवा.

तो गुरुवार होता. सकाळी साडेसहाला गस्त निघाली. मी सेटवर बसलो. सात वाजता रिपोर्ट आला, सब ठीक. साडेसातला, सब ठीक. आठला पाच कमी असताना फायरिंगचा आवाज मला सेटशिवायच ऐकू आला.

भटूचा ऑपरेटर ओरडत होता. झाडीतून गोळीबार झाला होता. भटूनं बायकांना ओढ्यात आडवं व्हायला लावलं आणि स्वतः काठावर उभा राहून जवाबी फायर दिला. हे मला नंतर मनूनं सांगितलं, तो तिथंच ओढ्यात होता. दहा मिनिटांत बंदूकवाले पळाले. एकाही बाईला खरचटलं नाही. भटूला मांडीच्या अगदी वर, जांघेत गोळी लागली. हाताला किंवा पायाला खाली लागली असती तर आवळून पट्टी बांधता आली असती. तिथं पट्टी बसत नाही. नर्सिंग असिस्टंट दोन्ही मुठींनी दाबून बसला होता.

मी सेक्टरला कॉल दिला.

"वन कॅज्युअल्टी, गनशॉट, प्रायॉरिटी वन. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेट. आउट."

मी थांबलो. मेजर साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. जवानांनी भटूला स्ट्रेचरवर घालून बेसवर आणलं, वर्तुळाच्या कडेला सावलीत ठेवलं. हेलिकॉप्टर आलं की लगेच चढवायचं म्हणून. मग सेक्टर बोललं.

"हेलिकॉप्टर उपलब्ध नाही. काँट्रॅक्ट काल रात्री बारा वाजता संपलं. रस्त्यानं आणा. ओव्हर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मेजर साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. असे शांत साहेब, पण त्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना जे सुनावलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडून एवढंच, "सर, वरून परवानगी नाही. शेवटचं मशीन विमानतळावर उभं आहे, पण आता ते आपलं नाही."

तेवढ्यात त्याच चॅनेलवर तिसरा आवाज आला. पायलट होता तो. आमच्याकडे कितीदा तरी आलेला, भटूच्या हातचा चहा प्यायलेला. इंग्रजीत म्हणाला, तुमची जागा मला माहीत आहे, चाळीस मिनिटांचं उड्डाण आहे, टाकी भरलेली आहे. पण मला उडायची परवानगी नाही. मग म्हणाला, सॉरी, आणि बंद झाला. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. सॉरी काय करायचंय, राजा?

भटू शुद्धीवर होता. सेटच्या तंबूपासून तो वीस पावलांवर पडला होता. मला हाक मारून विचारलं, "भाऊ, निंघनं का?" निघालं का, असं. मी म्हटलं, मागतोय, तू जागा रहा. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "निंघनं का?" मान वळवून आकाशाकडे बघत होता.

मेजर साहेबांनी गाडी काढली. मी सेटवर राहिलो, हुकूम तसा होता. नदीच्या अलीकडेच गाडीतून रिपोर्ट आला. मी तो ऐकला, वेळ लिहिली, आणि सेक्टरला पुढे पाठवला. मग तंबूच्या मागे जाऊन रडलो. फौजी रडत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीतल्या बायका गेटवर आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर सरपण. मनूनं त्यांना सांगितलं होतं की हिंदुस्थानी माणूस मेल्यावर त्याला जाळतात, खूप लाकूड लागतं. ज्यावर मका शिजवायचा होता ते सरपण त्यांनी भटूसाठी आणलं होतं. मेजर साहेबांनी समजावलं, त्याला घरी पाठवायचं आहे, हे परत न्या. त्या ऐकेनात. गेटजवळ ढीग लावून गेल्या. लंगरच्या पोरांनी त्यातली एकही काडी चुलीत घातली नाही.

भटूची पेटी न्यायला विमान मिळालं. हो, मिळालं! शेठच्याच देशाचं होतं. वर त्यांच्या एका अधिकाऱ्यानं राजधानीच्या विमानतळावर पेटीला सॅल्यूट केला, फोटो निघाले. महिन्याभरात आमची पोस्ट बंद झाली. आम्ही निघालो तेव्हा मनूनं विचारलं, "अब लकडी कौन लायेगा?" गाड्या सुटल्या.

त्याआधी भटूच्या गावी अंत्यविधी झाला तेव्हा पेटीबरोबर मला पाठवलं होतं; तो उरकून मी पोस्टवर परत गेलो होतो. आलेल्या अधिकाऱ्यानं त्याच्या बायकोला, सुरेखा वहिनींना सांगितलं, जागाच अशी होती की हेलिकॉप्टर उतरणं शक्य नव्हतं. त्याला वरून जे सांगितलं होतं तेच तो बोलला, त्याच्यावर माझा राग नाही. वहिनींनी ते वाक्य धरून ठेवलं. कोणी सांत्वनाला आलं की सांगायच्या, काय करणार, उतरताच येत नव्हतं. पुढे त्या भावाकडे लिंबायतला राहायला आल्या. घरी साड्यांवर स्टोन लावायचं काम करतात. मी कधी त्यांचं बोलणं खोडलं नाही. त्या वाक्यावर बाई उभी होती, ते काढून मी तिला काय देणार होतो?

इकडे शेठचे रंग आपण सगळ्यांनी पाहिले. आधी आपला जिगरी दोस्त, चौकाचौकात फ्लेक्स. मग त्यानं आपल्या मालावर जकात चढवली आणि मार्केटमधले शेठिये कपाळाला हात लावून बसले. "फौजी, आ तो दगो छे!" असं मला एक व्यापारी म्हणाला. मला हसू आलं. पुन्हा बोलणी झाली, पुन्हा फोटो, पुन्हा दोस्त. व्यापाऱ्यांचा राग महिन्याभरात गेला.

मागच्या रविवारी वहिनींनी मला बोलावून घेतलं. मनू दरवर्षी भटूच्या तिथीच्या सुमारास त्यांना मेसेज पाठवतो, मोडक्या हिंदीत, वहिनी प्रणाम म्हणून. या वर्षी त्यानं व्हिडिओही पाठवला होता. बिचाऱ्यानं आनंदानं पाठवला होता, नोकरी लागली म्हणून. शेठनं त्या देशाच्या सरकारशी नवा करार केलाय. आमच्या बेसमागच्या डोंगरात कसली तरी किमती माती सापडली आहे, फोनच्या बॅटऱ्यांना लागते म्हणे. आता शेठची फौज परत आली आहे, खाणीची राखण करायला. मनू तिथं दुभाषी आहे. व्हिडिओत तो हसत उभा होता आणि त्याच्या मागे, त्याच जागेवर, एकामागून एक दोन हेलिकॉप्टरं उतरत होती. वर्तुळ आता चुन्याचं नव्हतं, पक्कं सिमेंटचं होतं.

वहिनींच्या मांडीवर अर्धी साडी होती, बोटांना गोंद लागलेला. फोन माझ्यासमोर धरला.

"भाऊ, हाई तेच ठिकाण शे ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग उतरता येत व्हतं."

त्या म्हणाल्या, आता तरी खरं सांगा. मग मी सांगितलं. काँट्रॅक्ट, बारा वाजता, पायलट, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांनंतरही तो किती वेळ जिवंत होता ते सांगितलं. त्यांनी विचारलं, काही बोलले का? मी म्हटलं, निंघनं का, एवढंच विचारत होता. दोनदा. आकाशाकडे बघत.

वहिनी रडल्या नाहीत. बोटांचा गोंद पदराला पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी इतला वरीस देवले बोल लावत ऱ्हायनू, भाऊ. देवना काय दोष व्हता?"