पस्तीस की बहात्तर

"आधी माप ठरवा, वहिनी. मग माणूस."

हे म्हणताना भाऊजी एक डोळा मिटायचे आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत समोरच्याची उंची धरायचे. माझीही धरायचे. मला तो चाळा आवडत नसे. जिवंत बाईला असं कोणी मापतं का?

आमच्या वरच्याच मजल्यावर राहत. फोर्ट विल्यमच्या लष्करी स्टोअरमधून निवृत्त झाले, बायको गेली, तरी कोलकाता सोडलं नाही. इमारतीत मराठी घरं दोनच, त्यामुळे दुपारचा चहा माझ्याकडे. मराठी बोलायला येतो म्हणायचे. येत होते ते उसळीसाठी.

त्यांना प्लास्टिकचे रणगाडे, ट्रक, शिपाई जोडायचा नाद होता. असा नाद लागलेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. मी चौथी शिकलेली, पण मापं मलाही पाठ झाली. बहात्तर म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग, त्यात माणूस बोटाच्या पेराएवढा. पस्तिसात तोच करंगळीएवढा. ते जन्मभर बहात्तरच करत आले. बदलीच्या नोकरीत सगळी फौज एका ट्रंकेत मावायची.

"हा हरभरा बघा," एकदा उसळ खाताना म्हणाले, "पस्तिसातल्या शिपायाचं डोकं बरोब्बर एवढं."

"मग चावू नका. माणसं मरतील."

खूप हसले. पण त्यांच्याकडे धूळ पुसताना मी बहात्तरचा एक शिपाई कुणी भेट दिलेल्या पस्तीसच्या रणगाड्याशेजारी ठेवला, तेव्हा केवढ्यांदा ओरडले! "वहिनी, माप मिसळायचं नाही! दोन्ही खोटी दिसतात."

त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत ट्रक चालवायचा. डोंगरात रस्ता खचला आणि ट्रक मागे बसलेल्या सहा जवानांसकट दरीत गेला. लढाई नाही, काही नाही. पेटी बंद आली. पेटी आणणारे उघडू नका म्हणाले, भाऊजींनी उघडली नाही.

तेव्हापासून त्यांना तो ट्रक करायचा होता, चालवणाऱ्या मुलासकट. आणि जन्मभर मापं सांगणाऱ्या माणसाला माप ठरवता येईना.

"बहात्तरात चेहरा येत नाही, वहिनी. पस्तिसात डोळेसुद्धा काढता येतात."

"मग पस्तीस घ्या."

"पण पस्तिसात मागे बसलेल्या सहा जणांनाही चेहरे द्यावे लागतील. मी त्यांना कुठे पाहिलंय?"

एस्प्लनेडच्या खेळण्यांच्या दुकानात जायचे, खोकी हातात घेऊन बघायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. अशी दोन वर्षं गेली. शेवटी मीच ओरडले, "हात कापायला लागलेत तुमचे. घ्या तरी, नाहीतर सोडा तरी."

पस्तीस आणलं. ट्रक चांगला झाला, चाकांना चिखलसुद्धा लावला. मग मुलगा करायला घेतला. काडीच्या टोकावर तो करंगळीएवढा माणूस टोचून खाली यायचे. "सांगा, आहे का तो?"

मुलगा माझ्या स्वयंपाकघरात जेवलेला. मी चष्मा लावून नीट बघितलं. "नाही."

रंग पुसून पुन्हा काढला. नाही. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा त्यांनी काडी टेबलावर ठेवली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही का हो, वहिनी?"

"नाही येत."

मग चहाला आलेच नाहीत. आठवड्याने मी जिने चढून वर गेले. टेबलावर ट्रक होता, मागची बाकं रिकामी. चालवणाऱ्याच्या जागी बहात्तरचा माणूस बसवलेला. पेराएवढा. त्याचे हात स्टिअरिंगला पोचत नव्हते. बापाच्या गाडीत बसलेल्या पोरासारखा दिसत होता. तोंडावर रंग नव्हताच.

"भाऊजी, माप मिसळलंत."

"हो."

"चुकून?"

"माझ्याकडून ते चुकून कसं होईल?"

मी खाली आले. त्या चार वेळांत एकदा तरी हो, तोच आहे म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही.

गेल्या थंडीत ते गेले. पुतण्या आला, दोन दिवसांत घर रिकामं केलं. ट्रंकेतली फौज भंगारात गेली. ट्रक मी मागून घेतला. पुतण्या म्हणाला, "न्या ना, खेळणंच आहे."

आमच्या फ्रिजवर ठेवलाय. सगळं चिकटवणाऱ्या माणसाने तो शिपाई मात्र चिकटवलेला नाही. फ्रिजचं दार जरा जोरात लागलं की तो सीटवरून घसरतो आणि खाली पडतो. मी वाकून शोधते, परत बसवते.

दिवसातून दोनतीनदा तरी पडतो.