पलंगाच्या दोन बाजू

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आधीच बजावलं, "पप्पा, कपाट नको, पलंग नको, भांडी तर मुळीच नकोत. फ्लॅटवरचं सगळं आम्ही दोघं मिळून घेतोय. तुम्हाला द्यायचंच असेल तर उशाशी ठेवायला एक छोटं टेबल द्या. पण तुमच्या हातचं." मग तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. खाली निमुळते होत गेलेले चार पाय, एक ड्रॉवर, त्याला लाकडाची एक गोल मूठ. नक्षी नाही, काही नाही. "हे शेकर पद्धतीचं आहे. एकदम साधं असतं."

साधं! मी आयुष्यात भिंतीत धड खिळा ठोकलेला नाही. आंबीजवळच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं तपासनीस आहे. दुसऱ्यानं केलेला पार्ट घ्यायचा, मापायचा आणि केसभर चुकला असेल तरी लाल शिक्का मारून परत पाठवायचा, एवढीच माझी कला. तो शिक्का मी घरीही खिशात घालून येतो, असं बायको म्हणते. भाकरी गोल नसली की मी बोलतो, हे खरं आहे. पण मुलीनं पहिल्यांदाच माझ्या हातचं काही मागितलं होतं आणि ते तिच्यासोबत या घरातून जाणार होतं. नाही कसं म्हणणार?

ड्रॉइंगशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही माझी जुनी खोड. त्यामुळे शिफ्टवरून आलो की रोज ओट्यावर मोबाइल घेऊन बसायचो आणि 'नवशिक्यांसाठी सोपं' असं टेबल शोधायचो. पहिल्या नवशिक्याकडे सात यंत्रं होती. दुसरा म्हणाला, शनिवार-रविवारात होऊन जाईल. त्यानं बहुधा आदल्या सोमवारीच सुरुवात केली असावी. तिसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये मागचा पाय पुढच्यापेक्षा पाव इंच लांब होता. मी ती चूक त्याला कळवली, तर त्यानं एक हसरा चेहरा पाठवून दिला. चौथ्यात एक इंची फळी सांगितली होती आणि मापांची बेरीज काही केल्या जुळेना. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, तिकडे एक इंची म्हणून विकतात ती फळी पाऊण इंचच भरते आणि हे सगळ्यांना माहीत असतं. असला माल आमच्या गेटच्या आत आला नसता.

"अवो, पोरीला पोरं व्हतील, तरी तुमचा कागुद काय गावायचा न्हाई," बायको म्हणाली.

शेवटी गावला. एकाच पानाचा, कुणा म्हाताऱ्या सुतारानं हातानं काढलेला. प्रत्येक तुकड्याची खरीखुरी मापं, काय आधी कापायचं, काय नंतर जोडायचं, सगळं ओळीनं दिलेलं. खाली लिहिलं होतं, पहिलं टेबल थोडं वाकडं होतंच, मनाला लावून घेऊ नका. तेवढं वाक्य सोडून मला सगळं पटलं.

शेकर म्हणजे कोण, तेही त्या नादात वाचून काढलं. अमेरिकेतला एक जुना पंथ. साधे राहायचे, लाकूडकाम झकास करायचे आणि लग्न मात्र करायचे नाहीत. बाया आणि बाप्ये राहायचे एकाच घरात, पण जिने वेगवेगळे. मी मोठ्या कौतुकानं हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"लगीन न करनाऱ्यांचं टेबल तुमी पोरीच्या लग्नात देताय व्हय?"

"डिझाइन चांगलंय."

"आसंल. म्हनूनच एकच हाय, एकट्या मानसापुरतं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. टेबलाची उंची गादीच्या बरोबरीनं हवी, असं कागदावर होतं, म्हणून टेप घेऊन तळेगावच्या फ्लॅटवर गेलो. होणारा जावई तिथं आधीच राहायला आला होता. मुलगा शिरगावचा, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. दोन वर्षं मी त्याला तपासत होतो आणि शिक्का मारावा असं काहीच सापडत नव्हतं. माझा खरा राग त्याच गोष्टीचा होता.

त्यानं टेपचं एक टोक धरलं. गादीची उंची झाली. आता टेबलाची जागा मापायची, म्हणजे मुलगी कुठल्या बाजूला झोपणार ते कळायला हवं. हे मी कसं विचारणार? आणि तो तरी कसं सांगणार? आम्ही दोघं त्या कोऱ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पंख्याकडे बघत राहिलो. पंखा बंद होता.

शेवटी तोच म्हणाला, "काका, खिडकीकडची बाजू मापा. तिला खिडकी लागते."

हे मला ती पाळण्यातून बाहेर आल्यापासून माहीत होतं. त्याला ठाऊक असण्यात काही गैर नव्हतं, तरी मला चटका बसला. मी माप घेतलं आणि वळलो, तर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, फरशीवर, वर्तमानपत्राच्या घडीवर त्याचा पाण्याचा तांब्या आणि चष्म्याची डबी.

"इथं काय ठेवणार?" मी विचारलं.

"माझं चालतं असंच, काका."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. परत येताना गाडीवर बायकोचं बोलणं डोक्यात शिरलं. नवरा असलेल्या बाईसाठी मी टेबल करतच नव्हतो. माझ्या हिशेबी तिचा पलंग अजून आमच्याच घरात होता, एकटीचा. मला माझीच लाज वाटली. घरी आल्या आल्या त्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'टेबलं दोन' असं लिहिलं. बायकोनं ते वाचलं आणि चहा टाकला.

लोणावळ्यात एक जुना बंगला पाडला होता, त्याच्या दारांचं सागवान मिळालं. सुदुंबऱ्याच्या एका सुतारआबांच्या पडवीत मी रविवारमागून रविवार काढले. आबा शिकवायचे नाहीत. नुसतं बघायचे, आणि बघवेनासं झालं की माझ्या हातातला रंधा काढून घ्यायचे. ड्रॉवरच्या बाजूंना त्यांनी आंब्याच्या फळ्या दिल्या. त्या मात्र मी माझ्या पद्धतीनं बसवल्या, कडेनं कागदसुद्धा जाऊ नये अशा. आबांनी एक ड्रॉवर ओढून बघितला.

"लय घट्ट बसीवलंय, भाऊ."

इतकं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. मी घरी येऊन बायकोलाही सांगितलं.

मे महिन्यात लग्न झालं. टेबलं पलंगाच्या दोन्ही बाजूंना मी स्वतः नेऊन ठेवली. मुलगी एकावर गाल टेकून बसली आणि तिनं लाकडाचा वास घेतला. त्या दिवशी माझ्यासारखा श्रीमंत बाप मावळात दुसरा नव्हता.

श्रावणात एका शनिवारी दुपारी मी तळेगावला गेलो. मुलगी कामावरून यायची होती. जावयानं दार उघडलं. आता तो मला मामा म्हणतो आणि मी त्याला पाव्हणं म्हणतो. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. त्याच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही. चहा झाल्यावर मी विचारलं, "काय पाव्हणं, टेबलं कशी आहेत?"

"एकदम मस्त, मामा."

हे तो जरा जास्तच पटकन म्हणाला. पटकन 'मस्त' म्हणणारी माणसं पकडण्यातच माझी तीस वर्षं गेली आहेत. मी उठलो, सरळ आत गेलो आणि त्याच्या बाजूचा ड्रॉवर ओढला. हलेना. जोर लावला, तर अख्खं टेबलच पुढं आलं.

हवेतलं पाणी पिऊन आंब्याची फळी फुगली होती. मावळात जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. श्रावणात आमच्या घराचं मागचं दारही लागत नाही. पण मी कारखान्यातल्या लोखंडी पार्टांचा हिशेब लाकडाला लावून बसलो होतो. आबांचं ते कौतुकही आत्ता कुठं नीट कळलं.

"कधीपासून अडकतोय?"

"जरासाच, मामा."

"कधीपासून?"

"महिना झाला."

चिडलो की माझी शहरी भाषा गळून पडते. "आरं मग सांगायचं न्हाई व्हय? मस्त काय, मस्त? आडकतंय तर आडकतंय म्हन! त्वांडदेखलं कौतुक परक्यानं करायचं. तू घरातला हायेस न्हवं?"

बोललो आणि जीभ चावली. जावयाला अरे-तुरे, तेही त्याच्याच घरात. पण तो हसत होता. एवढा मोकळा हसताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. चष्मा काढून पुसत तो म्हणाला, "मामा, तिचाही अडकतो. माझ्या आधीपासून. पण तिनं शपथ घातलीय, पप्पांना कळू द्यायचं नाही. ते स्वतःलाच नापास करतील म्हणाली."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. हिच्या वह्या मी तपासल्या, मार्क तपासले, हिनं केलेली पहिली पोळीसुद्धा वाकडी म्हणून बाजूला सारली. आणि ही पोरगी महिन्याहून जास्त बंद ड्रॉवरशेजारी झोपत होती, माझ्या कामावर लाल शिक्का पडू नये म्हणून. ते गुपित तिनं याच्यापाशी ठेवलं होतं. माझ्यापासून जे लपवायचं ते सांगायला तिला आता हक्काचा माणूस होता. मला वाईट वाटलं आणि त्याहून पुष्कळ जास्त बरं वाटलं.

"पॉलिश पेपर आण," मी म्हटलं. तो खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून पळत घेऊन आला. टेबलं उलटी करून, ठोकून ठोकून आम्ही दोन्ही ड्रॉवर बाहेर काढले आणि गॅलरीत बसून तासभर घासले, एक त्यानं, एक मी. त्याची घासण्याची दिशा चुकत होती, ती मी चार वेळा दाखवली. ड्रॉवर सरसर सरकावेत म्हणून वरून मेणबत्ती फिरवली. मुलगी येईपर्यंत सगळं जागच्या जागी गेलं होतं.

"तिला सांगायचं नाही," मी त्याला बजावलं. तिनं आमच्याकडे जरा संशयानं पाहिलं, कारण त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता. पण विचारलं काही नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. तो हळू आवाजात बोलत होता.

"मामा, ती मघापासून ड्रॉवर उघडतेय आणि मिटतेय. हसतेय, मधूनच डोळे पुसतेय. मी काही सांगितलं नाही. थांबवू का तिला?"

"नको," मी म्हटलं. "करू दे." आणि फोन बायकोकडे दिला.