वर्ष सरलं नव्हतं

"तू नाच गं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात नाचतात ना? दाखव यांना."

हॉल भरलेला होता. गंगापूर रोडचं आमचं नर्सिंग कॉलेज. स्टेजवर 'मन मोकळं करू या' असा बॅनर, पहिल्या रांगेत भारी साड्यांतल्या पाहुण्या. माइक घेऊन उभ्या होत्या त्या कॉलेजच्या समुपदेशक मॅडम. मी सुरगाण्याकडची, पाड्यावरची, कोकणा आदिवासी समाजाची. एवढ्या मुलींमधून त्यांचं बोट नेमकं माझ्याकडे वळलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"लाजतेय," त्या माइकवर हसल्या. "हिचे वडील नुकतेच गेले. अ‍ॅक्सिडेंटमध्ये. पण बघा, ही माणसं निसर्गाजवळ राहतात. आपल्यासारखं दुःख कवटाळून बसत नाहीत. नाचतात, मोकळी होतात. सेल्फ-केअर म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं."

सगळ्या मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. बा गेल्याचं माझ्या रूममेटलासुद्धा माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. फक्त या मॅडमना सोडून.

बा दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जायचा. आमच्याकडची निम्मी माणसं जातात. या वेळी येताना पिकअप उलटली. मी घरी गेले, सगळं उरकून परत आले. हजेरी भरायची होती. मग दवाखान्यात ड्युटी लागली आणि एका बागेतल्या मजुराला वॉर्डात आणलं. पायाला बागेतला चिखल तसाच. मी त्याचा बीपी घ्यायला गेले आणि मला त्याच्या दंडाला पट्टा बांधताच येईना. तीनदा सुटला. झोप आधीच उडाली होती, जेवण जात नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरांनीच मला मॅडमकडे पाठवलं.

खोटं बोलणार नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं. मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, "इथलं बोलणं इथंच राहील." मग काय, मी सगळं ओतलं. बा पावरी वाजवायचा. आमचं भोपळ्याचं वाद्य, तोंडानं फुंकायचं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात त्याच्या पावरीवर अख्खा पाडा नाचायचा. तो गेल्यावर आईनं पावरी फडक्यात गुंडाळून आढ्याला बांधून ठेवली. आमच्या पाड्यावर घरातलं माणूस गेलं, की त्या घरातलं कुणी वर्षभर नाचात पाय टाकत नाही. हेसुद्धा सांगितलं. मॅडमनी मान डोलावली. त्या दिवशी होस्टेलवर जाऊन मी गाढ झोपले. वाटलं, आपलं कुणीतरी आहे या शहरात.

आणि आता कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडला. पावरी वाजायला लागली. मोबाईलमधली, पण पावरीच.

दोन मुलींनी हात धरून मला स्टेजवर नेलं. हसत, लाडानं. समोर प्राचार्य बसले होते. माझी शिष्यवृत्ती, हजेरी, इंटर्नलचे मार्क, सगळं त्यांच्या सहीवर. माझा पाय उचलला गेला. एक पाऊल. दुसरं. मग पावरीचा सूर चढला आणि जिथं बा दम घ्यायचा तिथं त्या कुणा परक्या माणसानंही दम घेतला. मी मटकन खाली बसले. तोंडातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "मोकळी झाली!"

टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. एक पाहुण्या रुमालानं डोळे टिपत होत्या. मला राग आला नाही तेव्हा. नुसती लाज वाटली. बाचं वर्ष मोडल्याची.

संध्याकाळी आईला फोन केला. सांगावं लागणारच होतं.

"कोनी नाचवलं तुला?" आईनं विचारलं.

"मॅडमनी. त्यांना आपल्यातलं काय म्हाईत, आई."

"तू सांगलं नव्हतं का, वरीस चालू हाय म्हणून?"

"सांगलं व्हतं."

आई म्हणाली, "म्हंजी तिला म्हाईत व्हतं."

एवढंच. मी होस्टेलच्या गच्चीवर फोन धरून उभी. दिवसभर मी मॅडमची बाजू घेत होते. चुकल्या असतील, शहरातल्या आहेत, भल्यासाठी केलं असेल. आई दोन यत्ताही शिकलेली नाही, पण तिनं एका वाक्यात माझी सगळी वकिली मोडून काढली. माहीत होतं. माहीत असूनच केलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅडम खुशीत होत्या.

"सगळ्यांना फार भावलं. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे. तुमचा तो पारंपरिक ड्रेस असेल ना? तो घाल आणि तेवढं परत कर."

तेवढं परत. म्हणजे रडणंसुद्धा.

"मी नाचणार नाही," मी म्हणाले. "वर्ष सरलेलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, त्या जुन्या समजुतीतून तुला बाहेर काढायचं होतं. थेरपीच आहे ती."

"मग तुमच्या वडिलांच्या दहाव्याला तुम्ही नाचा, मॅडम. स्टेजवर. मी येते टाळ्या वाजवायला."

प्राचार्य ताडकन उठले. "माफी माग."

"नाही."

"आत्ताच्या आत्ता माग!"

"सर, आधी ते व्हिडिओ सगळ्यांना डिलीट करायला लावा. खोलीत सांगितलेलं माइकवर का गेलं, ते मॅडमना विचारा. मग माझ्या माफीचं बघू."

बाहेर पडताना मागून ऐकू आलं, "सवलती दिल्या की डोक्यावर बसतात."

आता मी कॉलेजात उद्धट. मुली जेवताना बाजूला सरकतात. झोप पुन्हा उडाली आहे. मी सरकारी दवाखान्यात जाते, मनाच्या डॉक्टरांकडे. रांगेत बसते. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जखमेवरची पट्टी ओढून काढण्यासारखं आहे. डॉक्टर "बोला" म्हणतात आणि माझं तोंड उघडत नाही. पहिल्या वेळी मी नुसती बसून परत आले. दुसऱ्या वेळी एवढंच म्हणाले, "माझा बा मेलाय." पुढचं पुढच्या वेळी सांगेन. जात राहीन. आम्हालाही मन आहे, ते मोडतं, त्याला औषध लागतं आणि ते मी मागून घेणार आहे.

मॅडमविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. वर्गशिक्षिका रोज समजावतात, करिअर आहे, मागे घे.

घेणार नाही.