एकच नाकपुडी बंद होती

मित्रांनो, आज दुपारी माझ्या दवाखान्यात जे घडलं ते लिहितोय, कारण चूक माझी आहे.

तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या रेहानाभाभी वर्षभर माझ्याकडं येत होत्या. डावी नाकपुडी बंद, अधूनमधून रक्त, वास येत नाही. मी दर वेळी म्हणायचो, "बारुदीच्या धुळीची ॲलर्जी आहे. तोंडाला फडकं बांधून काम करा." आणि गोळ्या लिहून द्यायचो.

धूळ काय एकाच नाकपुडीत जाते? हा साधा प्रश्न मला पडलाच नाही.

डावा डोळा पुढं आल्यासारखा दिसला, तेव्हा कुठं त्यांना सोलापूरला पाठवलं. दुर्बिणीनं नाक तपासलं, एमआरआय झाला, आतल्या मांसाचा तुकडा काढून तपासला. वासाच्या नसेजवळ कॅन्सरची गाठ निघाली, फार क्वचित होणारी. मोठं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन.

आज त्या भेटायला आल्या. गाठ गेली आहे, पण त्या डोळ्यानं दिसत नाही आणि वास कायमचा गेला.

मी म्हणालो, "भाभी, तुम्हाला पहिल्याच महिन्यात पाठवायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

 त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाब, म्या दर टायमाला सांगितलं व्हतं, डावंच बंद हाय म्हणून."



तुमच्या घरात कुणाचं एकाच बाजूचं नाक महिनोन्महिने बंद आहे का? रक्त येतं का? मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं तपासून घ्या. माझ्यासारख्यानं गोळ्या दिल्या असल्या, तरीही.