ग्रोटोतली धामण

गेल्या रविवारी सकाळी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, माणिकपूरजवळच्या एका वाडीत एका धामणीवर अन्याय झाला. शेपटीवर काठीचा घाव बसला. तिचा गुन्हा एवढाच, की उंदराच्या मागे ती ग्रोटोत शिरली. ग्रोटो म्हणजे दगडांची छोटी गुहा. आत मरियामातेचा पुतळा आणि तिच्या पायाखाली प्लास्टरचा साप.

वाडीतून फोन आल्यावर मी पोचले, तेव्हा धामण पुतळ्यामागे अंग चोरून बसली होती. समोर वाडीतले डॉमनिक काका काठी उगारून उभे. दुसरा घाव डोक्यावर घालायची तयारी. मागे मिस्साच्या कपड्यांतच जमलेली वाडी.

मी प्राण्यांच्या रेस्क्यू टीममध्ये नोकरी करते. साप पकडायचा, जखमी असेल तर डॉक्टरकडे न्यायचा, वन विभागाला कळवून सोडायचा. धामण बिनविषारी. ती उंदीर खाते, म्हणजे वाडीवाल्यांचंच काम करते. आणि तिलाच मार!

"काका, काठी खाली. मारलंत तर कायद्याने गुन्हा आहे."

"गुन्हा? देवानेच सांगितलंय, सापाचं डोकं ठेचायचं! आणि बघ कुठे येऊन बसलाय. बरोबर मातेच्या पायाशी. ही खूण आहे."

"खूण कसली? मागे उंदराचं बीळ आहे."

"तू कुठची गं?"

"एव्हरशाईन सिटी, तिकडची नवी वसाहत."

"मग आम्हाला बायबल शिकवू नकोस. तुमच्यात नागपंचमीला दूध पाजतात, आम्ही काही बोलतो?"

"बोला ना! साप दूध पीत नाही. आम्ही त्याविरुद्धही पत्रक काढलंय."

साप मारण्याविरुद्धच्या कायद्याचं पत्रक काढून दिलं. त्यांनी ते न वाचता खिशात कोंबलं. काठी होती तिथेच. आमच्या टीमच्या सरांना फोन लावला.

"वाद घालू नकोस," सर म्हणाले. "साप काढ."

काढू कशी? साप ओढायचा हुक घेऊन मध्ये वाकले असते तर काठी माझ्याच पाठीत.

तेवढ्यात गर्दीतून मार्था टीचर पुढे आल्या. रिटायर झाल्या आहेत, पण अर्ध्या वाडीला धर्मशिक्षण त्यांनीच दिलेलं. काकांनाही.

"डॉमनिक, एदेन बागेतला साप एवेशी बोलला. ही तुझ्याशी काय बोलली?"

हशा पिकला. काका लाल झाले. "टीचर, लिहिलंय ते लिहिलंय."

"उजवा हात पाप करायला लावत असेल तर तोडून टाक, हेही लिहिलंय. तुझे दोन्ही शाबूत दिसतात."

"आणि पत्ते रोज खेळतो तो, टीचर!" मागून कुणीतरी ओरडलं.

टीचर मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मातेच्या पायाखालचा साप म्हणजे मोह रे. हेवा, खोटेपणा. तो आपल्या आत असतो, काठीला सापडत नाही. ही सापडली, म्हणून हिच्यावर राग काढतोस?"

काकांनी पुतळ्याच्या पायाशी पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली.

"काय करू सांग," हे मला.

"मागे अंधार आहे. टॉर्च धरा."

त्यांनी धरला. प्रकाश बरोबर पडला. हुकने धामण ओढली, पिशवीत घेतली, पिशवीचं तोंड बांधलं. डॉक्टरांनी टाके घातले. काल वन विभागाच्या माणसांसमोर तिला सोडलं. सरसर गवतात गेली, एकदाही थांबली नाही.

मार्था टीचर, तुमचे मनापासून आभार. त्या माणसाच्या श्रद्धेला धक्का न लावता तुम्ही त्याचा हात थांबवलात. मला ते जमलं नसतं. काका, तुमचेही आभार. सगळ्या वाडीदेखत काठी टाकायला छाती लागते. मी शिकले ते इतकंच: ग्रंथाचा आधार घेऊन उगारलेली काठी कायद्याच्या पत्रकाने खाली येत नाही. तो ग्रंथ नीट वाचलेलं माणूस शोधावं लागतं.

आता तुम्ही. वचन म्हणा, परंपरा म्हणा, ज्या कशाच्या जोरावर तुम्ही साप मारता, त्याचा अर्थ आधी जाणत्या माणसाला विचारा. आणि साप दिसला की लांब उभे राहा, आम्हाला फोन करा. आम्हाला यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास त्या जिवाला द्या.