प्रगती म्हणून हितं कोण न्हाय

राजेश्वरी माझी धाकटी जाऊ. कळंबची लेक, शेळगावची सून. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिवलं आन पोर राजेश्वरी झाली. ते नाव काढलं आमच्या सासूनं, कुशाबाई आत्यांनी. आधीचं प्रगती तिथंच बुडालं. म्हायेरीबी आता राजेश्वरीच म्हणत्यात, घ्या!

मग बयेनं काय करावं? त्याच बुडालेल्या नावानं मोबाईलवर गोष्टी लिवाय लागली. घरात ठाऊक फक्त मला. तिच्या नवऱ्यालाबी न्हाय.

गोष्टीत एक खाष्ट सासू, साखरेचा डबा उशाला घिऊन निजणारी. आत्यांना वाचता येत न्हाय, म्हणून दुपारी शेंगा फोडताना मी वाचून दाखवायची. आत्या तापायच्या, "मेली कैदाशीण! घावली तर झिंज्या उपटीन तिच्या!" आन ह्यांचा सोताचा डबा कुठं? उशाला! मला हसू आवरायचं न्हाय, राजेश्वरी मला चिमटं काढायची. "अक्का, कळलं तर माझं लिवणं बंद हो," म्हणायची. तेवढं एकच सुख व्हतं तिला.

परवा ती भाकरी थापत व्हती. तिचा फोन वाजला, हात पिठात, म्हणून आत्यांनी उचलला. बारामतीच्या वाचनालयातला माणूस खणखणीत बोलला, "प्रगतीताई आहेत का? आमच्या स्पर्धेत त्यांच्या कथेला पहिला नंबर मिळालाय. रविवारी सत्कार आहे, येणार ना?"

"प्रगती म्हणून हितं कोण न्हाय!" आन फोन बंद.

राजेश्वरीचा चेहरा पांढराफटक. भाकरी करपली तरी हलंना. माझं टाळकंच फिरलं. "बोल की गं! जलमभर मुकीच ऱ्हाणार हायस का?"

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "प्रगती मीच. त्या गोष्टी मीच लिवल्यात."

आत्यांनी तिच्याकडं बघितलं, मग उशाच्या डब्याकडं. आता भांडण जुंपतंय म्हणून मी पदर खोचला. पण म्हातारी मटकन खाली बसली.

"माझं म्हायेरचं नाव रंगू," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापास्नं कुणाच्या तोंडून ऐकलं न्हाय. मलाबी ते कधी आठवावं वाटलं न्हाय बघ."

राजेश्वरी रडाय लागली. मलाबी हुंदका आवरंना. आत्यांनी मोबाईल तिच्या पिठाळ हातात कोंबला.

"लाव त्या माणसाला. म्हणावं, प्रगती येती. आन संगं तिची सासू येती, रंगू."