पाठ नसलेलं वाक्य

ऊदाचा धूर नाकात गेला की मला रियाधजवळची ती संस्था आठवते, जिथे मी भावी इमामांना इंग्रजी शिकवायचो. कुराण मुखोद्गत असलेले ते विद्यार्थी इंग्रजीचं पुस्तकही 'रिकाम्या जागा भरा'सकट पाठ करत. पाहुण्यांसमोर एकाने अख्खा धडा म्हणून दाखवावा, असा सोनेरी काठाचा झगा घातलेल्या संचालकांचा हुकूम होता. मी मात्र त्याला विचारलं, "मुलगा गमावलेला परदेशी मजूर भेटला, तर काय म्हणशील?" तो बराच अडखळला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी तुमच्याजवळ बसतो." संचालक माझ्या कानाशी कुजबुजले, "उस्ताद, तुमचा इथे राहण्याचा परवाना, इकामा, पुढच्या महिन्यात संपतो, लक्षात आहे ना?" मी म्हणालो, "संपू द्या. पोपट पढवायला मी आलो नाही." इकामा संपला, मी रत्नागिरीला परतलो, आणि त्या मोडक्या वाक्याला आजही पैकीच्या पैकी गुण देतो.